ट्रेलरमधून तो शॉट काढायला लावणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

समोर आभार मानायला गेले की तू विषय बदलतेस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या मालिकेचा ट्रेलर ज्यांनी पाहिला त्यांना श्रेयनामावलीत तुझं नाव दिसणार नाही. तूच ते घालू दिलं नाहीस.

तुझ्याकडे आले तेव्हा ट्रेलर ४ मिनिटं १० सेकंदांचा होता. मैत्री कशी जमली, चिठ्ठी कुणी फोडली, भांडण, रडारड, समेट, सगळं ओळीनं. तू शेवटपर्यंत पाहिलास आणि विचारलंस, "आता मी मालिका कशाला बघू?" खरं सांगते, तेव्हा राग आला होता. रात्री जागून केलेलं काम होतं ते. पण घरी जाऊन पुन्हा पाहिलं आणि तुझा प्रश्न काही केल्या पुसला जाईना. मग समेट गेला, चिठ्ठी फोडणाराही गेला. उरलं इतकंच, की चिठ्ठी फुटलीय आणि पाचांपैकी कुणीही ती फोडलेली असू शकते. ट्रेलर दीड मिनिटावर आला.

आवाजाचं दुखणं वेगळंच होतं. चित्रण दोन फोनवर, आवाज तिसरीकडे. क्लिपच्या सुरुवातीला ओठ जुळायचे, शेवटाकडे सुटायचे, आणि मी एकेक संवाद हातानं सरकवत बसलेली. फोन चित्रण करताना फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची तो वेग, कमीजास्त करत राहतो, त्यानं हा घोळ होतो, हे तू सांगितलंस. सगळ्या क्लिप आधी सेकंदाला २५ फ्रेमच्या एकसारख्या वेगावर बदलून घेतल्या आणि ते भांडणच मिटलं. रिकाम्या वर्गाचा ३० सेकंदांचा नुसता आवाज टिपून आणायला लावलास तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो होतो. तोच आवाज संवादांखाली पसरला आणि प्रत्येक कटला बसणारा धक्का गेला. गाजलेलं गाणं मी परवानगी न घेता लावलं होतं, तेही तू काढायला लावलंस. आता तिथे आमच्याच एका मैत्रिणीनं वाजवलेले गिटारचे सूर आहेत.

पण हे पत्र खरं तर त्या रडण्याच्या शॉटसाठी आहे.

नायिका झालेली आमची मैत्रीण त्या दिवशी अभिनय करत नव्हती. तिचं खरंच काहीतरी बिनसलं होतं आणि कॅमेरा चालू होता. १४ सेकंदांचा तो शॉट मला आमच्या सगळ्या कामातला सर्वात जिवंत वाटायचा. ट्रेलर त्याच्यावरच संपत होता. तू म्हणालीस, "शॉट चांगलाच आहे. तिला विचारलंस?" मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नव्हतं. विचारलं तर ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग नको म्हणाली.

मी हताश होऊन परत आले. तू तेव्हा लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा सुमारे १०० वर्षांपूर्वीचा प्रयोग सांगितलास: एका नटाचा एकच कोरा चेहरा, आणि त्याला जोडून कधी सुपाची वाटी, कधी शवपेटी. चेहरा तोच, पण पाहणाऱ्याला त्यात कधी भूक दिसते, कधी दुःख. मग आम्ही टाकून दिलेल्या क्लिप चाळल्या. "ॲक्शन" म्हणण्याआधी ती नुसतीच समोर बघत उभी होती, अशी दोन सेकंदं सापडली. आधी फाटलेली चिठ्ठी, मग तो चेहरा. पुढच्या दृश्यातली शाळेची घंटा तू चेहऱ्यावरच ऐकू येईल इतकी अलीकडे ओढायला सांगितलीस. या वेळी आधी तिला दाखवलं. तिनं तीनदा पाहिलं आणि म्हणाली, "हे ठेव."

या सगळ्यात तू एकदाही माझ्या हातातून माऊस घेतला नाहीस. मी चुकीच्या जागी कट मारत होते, तुला दिसत होतं, तरी थांबायचीस. तुझी स्वतःची परीक्षा तोंडावर होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

पहिला भाग आता संकलनाच्या टाइमलाइनवर आहे, म्हणजे त्याची जुळणी चालू आहे. त्यात ती एका दृश्यात रडते. ते आम्ही नव्यानं, तिला विचारून चित्रित केलंय.

तुझी,
मालिकेची संकलक