भिंतीतला पिंजरा

लिस्बन, २ नोव्हेंबर

ती. अण्णा व सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

पैसे पोचले का? आईचा गुडघा कसा आहे?

काल इथं सर्व संतांच्या सणाची सुट्टी होती. १७५५ साली याच दिवशी, सकाळी साडेनऊनंतर, भूकंपानं हे शहर कोसळलं. चर्चमध्ये गर्दी, जिकडेतिकडे मेणबत्त्या पेटलेल्या. छतं खाली आली, आगी लागल्या, आणि मोकळी जागा म्हणून जे नदीकाठी पळाले त्यांच्यावर समुद्र चढून आला. मला आपला त्र्याण्णवचा किल्लारीचा भूकंप आठवला. तेव्हाही लोक गणपती बोळवून नुकते झोपले होते ना?

अण्णा, तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. आमचं काम सध्या बायशा भागातल्या जुन्या इमारतीत चालू आहे. परवा दुसऱ्या मजल्यावरचा गिलावा उतरवला, तर आत अख्खा लाकडी सांगाडा! उभे, आडवे आणि फुलीसारखे तिरपे वासे, खाचा करून एकमेकांत बसवलेले. मधे डबर आणि चुना. इथले लोक त्याला पिंजराच म्हणतात. भूकंपानंतर पोंबाल नावाच्या मंत्र्यानं शहर नव्यानं वसवलं, तेव्हाची ही युक्ती. नमुना उभा करून भोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं सांगतात. मी एक सांधा चाचपून पाहिला, नख शिरेना.

आपल्या माळवदालाही लाकूड होतंच की. पण खांब वेगळे, दगडमातीची भिंत वेगळी. कुणी कुणाला धरलेलं नाही. आपल्या घरात लाकडी खण उभे राहिले आणि भिंतीच अंगावर आल्या, असं तुम्ही सांगता, ते आता नीट कळलं.

इथला राजा त्या दिवशी शहराबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला. पण पुढं दगडी छताखाली राहायला तयार होईना. टेकडीवर लाकडाचा-कापडाचा महाल थाटून १७७७ साली मरेपर्यंत तिथंच राहिला. आईला सांगा, आपली आजी राजघराण्यातलीच म्हणायची! पत्र्याचं शेड सोडून ती स्लॅबखाली कधी झोपली का?

मागच्या खोलीचं काम काढणार म्हणालात. कोपऱ्यांतल्या सळया वाकवून आत घ्या, दारं-खिडक्यांवरचा लिंटेलचा पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरवा. गवंड्याला पोरानं शिकवू नये, कळतं मला. तरी स्लॅब टाकायच्या आधी फोटो पाठवा.

तुमचा,
धाकटा