सील लावलेल्या फ्लॅटकडे कोण बघणार?

संपादक महोदय,
आमच्या वरचा फ्लॅट कर्ज थकलं म्हणून बँकेने दोन वर्षांपूर्वी सील केला, दारावर नोटीस चिकटवली, त्यानंतर कुणी फिरकलंच नाही. बाल्कनीत पाणी साचतं, डेंग्यूचे डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, गळती आमच्या छतातून उतरते आणि मेंटेनन्स थकल्याने लिफ्टच्या दुरुस्तीचा बोजा बाकीच्यांवर. वाईट त्या कुटुंबाचंही वाटतं, मुलं इथेच वाढली. पण २००२च्या सरफेसी नियमांत (बँकांनी थकीत कर्जापोटी तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचे नियम), नियम ८ मध्ये, ताबा घेतलेल्या घराची समंजस मालकासारखी काळजी घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय, मग लिलाव होईपर्यंत महिन्यातून एकदा तरी कुलूप उघडून साफसफाई का होत नाही? पावसाळ्याआधी एवढं तरी करा.
– एक रहिवासी, डोंबिवली