न विकलेल्या मालाबद्दल आभार

काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं आणि दुकानाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, "झालं! आता फुकट सल्ल्याची लाईन लागंन इथं." नागपुरात बर्डीवर कॉम्प्युटरचे पार्ट घ्यायला जे नेहमी येतात त्यांना तसंही कळेलच. प्रोसेसरचं नाव काढलं की किमतीच्या आधी "काय करून राहिले घरी याच्यावर?" हा प्रश्न जिथे येतो, तो काउंटर एकच आहे.

पीसी जोडणं हा माझा धंदा नाही, नाद आहे. नोकरी सांभाळून नातेवाईक, शेजारी, मित्र यांची मशीन जोडून देतो. बाकी दुकानांत पार्टची यादी पुढे केली की कॅल्क्युलेटर निघतो. तुमच्याकडे पेन निघतं आणि यादीतल्या ओळी खोडल्या जातात. चुलतभावाला टॅलीसाठी मशीन हवं होतं. त्याला कोणीतरी दिलेल्या यादीत ग्राफिक्स कार्ड होतं आणि ७५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. तुम्ही दोन्हींवर काट मारली, रायझन ५ ५६०० या प्रोसेसरच्या पुढे 'जी' लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. 'जी' असेल तर डिस्प्ले प्रोसेसरमधूनच निघतो, नसेल तर कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. वाचलेल्या पैशांतून एसएसडी मोठी आली आणि वर यूपीएस. तोही देताना तुम्ही खोक्यावर बोट ठेवून सांगितलंत की हे ६०० आहेत ते व्हीए, वॉट म्हणाल तर, म्हणजे खरा भार पेलायची ताकद, ३६०. तुमचं बिल जवळजवळ अर्ध्यावर आलं होतं, आणि चुलतभाऊ बाहेर पडल्यावर मला हळूच विचारत होता की यांना दुकान चालवायचं आहे की नाही.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते मला कुठल्याही परीक्षणात सापडलं नव्हतं. ती परीक्षणं होतात बावीस-चोवीस अंशांच्या एसी खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि बंद खोलीत दुपारी ४० सहज असतात. खोली पंधरा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो, कारण पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा आणणार कुठून? ५६०० ची मर्यादा ९० अंश. प्रोसेसरसोबत येणाऱ्या, त्यालाच गार ठेवणाऱ्या छोट्या कूलरवर जो पुण्यात ७८ ला निवांत चालतो, तो नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, मर्यादेला टेकतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. म्हणून तुम्ही महागडा प्रोसेसर खाली आणायला लावलात आणि तो पैसा टॉवर कूलर व समोर जाळी असलेल्या कॅबिनेटमध्ये घालायला लावलात. शिवाय खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवायचं नाही, कारण झोतासोबत पाण्याचे थेंबही येतात, ही तंबी. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "त्यायचा बिघडला असंन, माह्या दुकानातला तं बरोबर हाय."

महाल भागातल्या मित्राचं प्रकरण तुमच्या लक्षात असेलच. त्याचं लग्नपत्रिकांचं काम, घर जुनं, वायरिंग त्याहून जुनं. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येत. ज्यांच्याकडून मशीन घेतलं होतं त्यांनी एसएमपीएस खराब म्हणून नवा बसवला आणि पैसे घेतले. मुंग्या तशाच. आम्ही तुमच्याकडे तिसरा एसएमपीएस घ्यायला आलो होतो. तुम्ही तो दिला नाहीत. घरी जाऊन कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावा आणि मग फोन करा, एवढंच सांगितलंत. टेस्टर पेटला. मग फोनवर तुम्ही समजावलंत: एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो किंचित करंट गुपचूप जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, बसून राहतो. एसएमपीएस कितीही बदला, फरक शून्य. सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती! इलेक्ट्रिशियनने अर्थिंग करून दिलं आणि मुंग्या थांबल्या. त्या दिवशी तुमच्या गल्ल्यात एक रुपया पडला नाही.

आणि शेजारच्या अथर्वची ती रविवारची गोष्ट. पोराने पंख्यावरची धूळ काढायला कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळून घट्ट झालेली, त्यामुळे प्रोसेसरही कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून आला. एएम ४ जातीच्या सॉकेटमध्ये हा धोका असतोच, पिना प्रोसेसरच्या पोटाला. १३३१ पिना, त्यातल्या एका कोपऱ्यातल्या ओळीने मान टाकलेली. पोरगं रडायच्या बेतात. तुम्ही काउंटरखालून एक शिसपेन्सिल काढलीत, शिसं टाकून वापरायची ती खटक्याची, पण शिसं नसलेली. तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर टोपीसारखं बसवायचं आणि केसाएवढं मागे आणायचं. मधूनच प्रोसेसर डोळ्यांच्या रेषेत धरून ओळ सरळ दिसते का ते बघायचं. दुकानात गिऱ्हाइकं उभी, तुम्ही मान वर केली नाहीत. शेवटी प्रोसेसर सॉकेटवर नुसता ठेवलात, तो स्वतःच्या वजनाने आत बसला. दाबावा लागला तर पीन अजून वाकडीच आहे, हे अथर्वला तुम्ही तेव्हाच सांगितलंत. पुढच्या वेळी आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा, हेही. पैसे विचारले तर म्हणालात, "पेन्सिलचे कायचे पैसे घेऊ बाप्पा?"

२०२५ च्या हिवाळ्यात रॅमचे भाव वाढले तेव्हाही तुम्ही मागचा माल नव्या भावाने गळ्यात मारू शकला असता. मेमरी बनवणारे कारखाने एआयच्या सर्व्हरकडे वळलेत, डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशिअल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, हे सगळं तुम्हाला माझ्याआधी ठाऊक होतं. तरी मला म्हणालात, जुन्या मशीनमधल्या १६ जीबीवर भागतंय तर भागवा. भागवतोय.

तर काका, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. समोर बोललो असतो तर तुम्ही "चहा घेता का" म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहिलं.

आणि एक काम. पुढच्या आठवड्यात भाचा यादी घेऊन येतोय. त्याला समोरून पूर्ण काच असलेलं, आत रंगीत दिवे लागणारं कॅबिनेट पाहिजे. हवा शिरायला त्यात फट नाही. मी सांगून थकलो, ऐकत नाही. पेन तयार ठेवा.

तुमचा,
धरमपेठेतला यादीवाला