गीझरचं बटण

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की तुम्ही दोघं एकदमच बोलायला लागता, म्हणून लिहूनच कळवते.

बाबा, तुमचं म्हणणं असं की गार झालेलं पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा गीझर दिवसभर चालू राहू दे. ऐकायला पटतं, पण हिशेब उलटा आहे. मधल्या वेळात टाकीतून जेवढी उष्णता निघून गेली, तेवढीच पुन्हा भरावी लागते. आणि पाणी जितकं गरम तितकी ती भराभर जाते. बंद केलेला गीझर निवत गेला की गळती मंदावते. चालू ठेवलेल्याची मात्र चोवीस तास तशीच. आई, दुपारी कुणी नळाला हात लावला नसताना लाल दिवा मध्येच लागतो म्हणालीस ना, ती हीच गळती भरून निघत असते.

२५ लिटर पाणी अगदी गार होऊन २० अंशांवर आलं, तरी ६० पर्यंत न्यायला सव्वा युनिटाच्या आत काम होतं. २ किलोवॉटच्या कॉइलला पस्तीसेक मिनिटं. तेव्हा अंघोळीआधी अर्धा-पाऊण तास लावा आणि आत जाताना बंद करा. एकापाठोपाठ दोघांच्या अंघोळी असतील तर मध्ये बंद-चालू करत बसू नका, त्यात वाचणार काही नाही.

बाबा, तुमचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. थंड देशांत घर गरम ठेवणारे जुन्या धाटणीचे गॅसचे बॉयलर असतात. त्यांच्यात परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली गेलं की धुरातली वाफ आतच पाणी होऊन साचते. ते आम्लधर्मी पाणी लोखंड खातं, म्हणून ते बॉयलर फार निवू देत नाहीत. आपल्या गीझरला धूरच नाही, मग ती भीती कशाला?

वीज वाचवायची म्हणून थर्मोस्टॅट ४० वर मात्र आणू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, त्यातून न्यूमोनिया होतो. तुमच्या वयाला तो झेपणारा नाही. ६० वरच राहू दे. पण तेवढं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, म्हणून बादलीत आधी गार, मग गरम.

आणि तापताना गीझरखालच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नका, पाणी फुगतं म्हणून पडतात. बाबा, तिथे कापूस किंवा बूच कोंबायचं नाही. गीझर बंद असतानाही गळत राहिला तरच प्लंबरला बोलवा.

तुमची,
ताई