सही करावी की नाही?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. घर बदलल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, याचा राग तू मनात धरून बसला असशील आणि तो योग्यच आहे. पण आजचे पत्र त्या रागाच्या भीतीने लिहीत नाही. काल संध्याकाळी शेजारच्या काकूंनी दारात येऊन माझ्या हातात एक कागद ठेवला, आणि तो वाचताना मला सर्वांत आधी तू आठवलास. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, एवढेच.

कागदाकडे येण्याआधी इथल्या बारची हकीकत सांगितली पाहिजे, नाहीतर माझी अडचण तुझ्या ध्यानात येणार नाही. नव्या वस्तीत आल्यावर मी आधी फोनवर ज्यांना भरभरून तारे मिळाले आहेत अशा जागा पाहिल्या आणि निराश झालो. ते तारे बहुधा शनिवारी रात्री दिलेले असतात, आणि शनिवारी रात्री घोळक्यात बसलेल्या माणसाला कोणताही बार बराच वाटतो. म्हणून मी आपल्या मास्तरांनी शिकवलेली रीत धरली: आठवड्याच्या मधल्या, ओस दिवशी जायचे, काउंटरच्या कडेला बसायचे आणि पहिल्या ग्लासातच परीक्षा उरकायची. बिअरच्या ग्लासाला आतून बुडबुडे चिकटून राहिले, तर ग्लास नीट धुतलेला नाही असे समजायचे. उघडलेली व्हरमूथची बाटली फ्रिजमध्ये न ठेवता दिव्याखाली सजवून ठेवलेली दिसली, तर तिथे कॉकटेल मागवायचे नाही, कारण व्हरमूथ ही शेवटी वाइनच असते आणि उघडल्यावर तिची चव उतरत जाते. मास्तर हे सांगताना जो आव आणत तो आठवून मी एकटाच हसलो, तेव्हा बारमनने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती पाहून मी दुसरा ग्लास मागवलाच नाही.

बहुतेक जागा मात्र ग्लासामुळे नव्हे, गोंगाटामुळे बाद झाल्या. एत्येन लोंबार्द नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1911 साली दाखवून दिले होते की गोंगाटात माणूस नकळत आपला आवाज चढवतो. त्यामुळे काचेच्या भिंतींच्या आणि उघड्या फरशीच्या बारमध्ये एक टेबल बोलू लागले की दुसरे ओरडू लागते, आणि मग मालक संगीत आणखी वाढवतो. (आपला लंबू रिकाम्या खोलीतही त्याच पट्टीत बोलतो, तेव्हा लोंबार्दचा सिद्धांत त्याला लागू नाही.) चांगल्या जागेचा पत्ता अखेर एका रेस्तराँतल्या वेटरकडून मिळाला. रात्री काम संपल्यावर तुम्ही लोक कुठे बसता, एवढेच मी त्याला विचारले होते. त्याने सांगितलेला बार निघाला माझ्याच इमारतीच्या मागच्या गल्लीत! छत बुटके, जाड पडदे, लाकडी भिंती. शेजारच्याशी बोलायला ओरडावे लागत नाही. गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ पियानो वाजवतात आणि त्यांच्यासोबत एक मुलगा बास वाजवतो. परतीची चिंता नाही, शेवटची गाडी गाठायची नाही. काउंटरवरच्या बाई फार बोलत नाहीत, पण काय वाचताय, असे मात्र आवर्जून विचारतात. याहून जास्त मला काय हवे असते, हे तुला ठाऊक आहे.

आता कागद. हा बार रोज एक तास आधी बंद व्हावा, असा तो अर्ज आहे आणि त्याखाली इमारतीतल्या जवळजवळ सर्वांच्या सह्या आहेत. हसू नकोस. तू आपल्या जुन्या बारच्या, म्हणजे अड्ड्याच्या, वरच्या खोलीत राहायला गेलास आणि महिनाभरात त्याच अड्ड्याविरुद्ध सह्या गोळा करू लागलास, तेव्हा मी सर्वांदेखत तुला गद्दार म्हणालो होतो आणि लंबूच्या लग्नापर्यंत आपण बोललो नव्हतो. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही आहे, की अड्डा तुझ्या आधीपासून तिथे होता. यात आता कायदाही माझ्या बाजूला आला आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2014 साली नियम केला की संगीताच्या जुन्या जागेशेजारी नवी घरे बांधली, तर आवाज अडवण्याची जबाबदारी नव्याने येणाऱ्याची. 2018 पासून इंग्लंडच्या नियोजन धोरणातही तेच तत्त्व आहे. हे मी तुला कधीतरी ऐकवणारच होतो. पण काकू या इमारतीत बार येण्याच्या कितीतरी आधीपासून राहतात. आधी त्या, मग बार आणि सर्वांत शेवटी मी. म्हणजे ज्या युक्तिवादाने मी तुला गप्प केले, तोच इथे काकूंच्या बाजूने उभा आहे, आणि मला तर बोलण्याचा हक्कच उरत नाही.

त्यातून माझी झोपण्याची खोली रस्त्याच्या बाजूला आहे आणि त्यांची गल्लीच्या. त्यांनी मला रात्री मुद्दाम आत बोलावून खिडकीपाशी उभे केले. पियानो जवळजवळ ऐकूच येत नव्हता. भिंतीतून येत होता तो बासचा धप् धप् ठोका, कारण वरचे स्वर भिंत अडवते आणि खालचे सोडून देते. फोनवरचा आकडा मात्र अगदी सभ्य दिसत होता, कारण नेहमीच्या डेसिबलच्या मोजणीत खालच्या स्वरांना वजन कमी मिळते. त्याहून वाईट होते ते दाराबाहेर सिगारेट ओढणाऱ्यांचे हसणे. आयर्लंडने 2004 मध्ये देशभर बारमध्ये धूम्रपानाला बंदी केली, मग इतरांनीही केली, आणि आतली हवा स्वच्छ झाली ती बाहेरच्या झोपेच्या मोबदल्यात. काकू तक्रारखोर नाहीत, हीच तर पंचाईत आहे. सामान आणले त्या दिवशी माझी पुस्तकांची खोकी त्यांच्याच मुलाने वर चढवली.

अ‍ॅम्स्टरडॅममध्ये बारवाले, रहिवासी आणि नगरपालिका यांच्यात बोलणी घडवून आणण्यासाठी एक 'रात्रीचा महापौर' असतो. इथे ते काम माझ्या गळ्यात पडणार असे दिसते. बासचा स्पीकर जमिनीवरून उचलून रबरावर ठेवावा, ठरावीक वेळेनंतर सिगारेटवाल्यांना गल्लीऐवजी मोठ्या रस्त्याच्या बाजूला पाठवावे, आणि मग तासाचा हट्ट काकूंनी सोडावा, असे माझ्या मनात आहे. पण बारवाल्या बाईंना हे सांगायचे तर अर्जाची बातमी फोडावी लागते, आणि काकूंना सांगायचे तर मी कोरा कागद घेऊन त्यांच्यासमोर कोणाचा वकील म्हणून उभा राहू?

म्हणून तुला विचारतो, आणि हे विचारण्यासारखा दुसरा कोणी नाही. सह्या गोळा करण्यापूर्वी तू अड्ड्याच्या मालकाशी बोलला होतास का? तू ते कधीच सांगितले नाहीस आणि मी रागाच्या भरात कधी विचारले नाही. बोलला असशील, तर तो काय म्हणाला, आणि त्यानंतर तो तुला पूर्वीसारखा ग्लास भरून देत होता का?

तुझ्या नव्या नोकरीबद्दल लंबूकडून कळले, अभिनंदन. आईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले असेल अशी आशा आहे. मुलीचा निकाल लागला की कळव, आणि वहिनींना नमस्कार सांग.

काकू रविवारी कागद न्यायला येणार आहेत. उत्तर फोनवर दिलेस तरी चालेल, पण त्याआधी दे.

तुझा,
(तुझ्या मते अजूनही हट्टी) मित्र