जॉर्जियातली गुलामीबंदी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांवर जी लेखमाला चालू आहे, तिच्यातला जॉर्जियावरचा लेख वाचला. लेख रंजक आहे. अटलांटाचा भाग तर उत्तमच. पण या राज्याचा जन्म लेखकाने एकाच वाक्यात उरकला आहे: इंग्लंडच्या तुरुंगांतले कर्जबुडवे नेऊन ही वसाहत वसवली. हा समज खुद्द अमेरिकेतही घट्ट बसलेला आहे, त्यामुळे लेखकाला फारसा दोष देता येत नाही. मात्र या वाक्याखाली बरेच काही झाकले जाते. पत्र लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

समजाला आधार नाही असे नाही. जेम्स ओगलथॉर्प हा ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद. त्याचा मित्र रॉबर्ट कॅस्टेल हा वास्तुरचनाकार कर्जापायी लंडनच्या फ्लीट तुरुंगात गेला. त्या काळी तुरुंगात राहण्याचेही पैसे मोजावे लागत. ते त्याला देता येईनात, म्हणून देवीचे रोगी असलेल्या घरात त्याला डांबले आणि तिथे देवी येऊनच तो गेला. ओगलथॉर्पने हे प्रकरण लावून धरले. १७२९ मध्ये तुरुंगांच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली, तिचा तो अध्यक्ष झाला. कर्जबाजारी गरिबांना समुद्रापलीकडे जमीन देऊन उभे करावे, ही कल्पना तिथली. परंतु ९ जून १७३२ रोजी दुसऱ्या जॉर्ज राजाची सनद मिळेपर्यंत योजनेचा नूर पालटला होता. नोव्हेंबर १७३२ मध्ये ‘अ‍ॅन’ नावाच्या जहाजातून जी सुमारे ११४ माणसे निघाली, ती मुलाखती घेऊन निवडलेली होती. सुतार, शिंपी, बेकरीवाले, शेतकरी, छोटे व्यापारी. कर्जासाठी तुरुंगात असलेला आणि तिथून सोडवून थेट जहाजावर चढवलेला माणूस त्यांत शोधून सापडत नाही.

कारभार होता २१ विश्वस्तांच्या हाती. या मंडळींनी स्वतःवर घालून घेतलेल्या अटी आजच्या आपल्या कुठल्याही ट्रस्टला झेपणार नाहीत: वसाहतीत जमीन घ्यायची नाही, पद घ्यायचे नाही, पगार घ्यायचा नाही. त्यांच्या मोहोरेवर तुतीचे पान आणि रेशमाचा किडा होता, आणि लॅटिनमध्ये ब्रीद होते, ‘स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यांसाठी’. तुती लावायची, रेशीम काढायचे आणि इंग्लंडचा परदेशी रेशमावरचा खर्च वाचवायचा असा बेत. रेशीम थोडेफार निघालेही, पण पोट भरण्याइतके कधीच नाही.

आता लेखात मुळीच न आलेली गोष्ट. १२ फेब्रुवारी १७३३ रोजी ही माणसे सव्हाना नदीच्या काठी उतरली तेव्हा ती जमीन कोणी यावे आणि वसावे अशी मोकळी नव्हती. मेकन शहराजवळ ओकमल्गी येथे आणि कार्टर्सव्हिलजवळ एटोवा येथे मातीचे प्रचंड उंचवटे आजही आहेत. एटोवाचा सर्वांत मोठा ६० फुटांहून उंच आहे. टोपल्यांनी माती वाहून ते रचणारी नगरे इंग्रजांच्या कित्येक शतके आधीची. ओकमल्गीत पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्ग चक्क या उंचवट्यांना कापत नेला! युरोपीय म्हणावेत तर स्पॅनिश लोक कितीतरी आधी पोहोचले होते. १५२६ मध्ये लुकास वास्केस दे आयल्योनने सुमारे ६०० माणसांची वसाहत मांडली, बहुतेक याच किनाऱ्यावर. काही महिन्यांतच ती उपासमार, रोगराई आणि भांडणांनी मोडली. तिच्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांनी बंड केले होते, हेही नोंदलेले आहे. १५४० मध्ये एर्नांदो दे सोतोची फौज या प्रदेशातून लुटालूट करत गेली. मग सेंट कॅथरिन्स बेटावर आणि आसपास स्पॅनिश पाद्र्यांची ठाणी शंभरेक वर्षे चालली. १५९७ मध्ये तिथल्या ग्वाले लोकांनी त्यांच्याविरुद्ध उठाव केला. म्हणजे ‘जॉर्जियाचा इतिहास १७३३ पासून’ हे इंग्रजी कागदपत्रांपुरते खरे.

ओगलथॉर्पला जागा मिळाली ती यामाक्रॉ या छोट्या टोळीचा म्हातारा प्रमुख टोमोचीची याच्या संमतीने. दोघांमध्ये दुभाषी होती मेरी मस्ग्रोव्ह. आई क्रीक जमातीची, बाप इंग्रज व्यापारी, आणि नवऱ्याबरोबर तिथेच तिचे दुकान. हरणाच्या कातड्यांच्या व्यापारात मुरलेल्या या बाईशिवाय वसाहतीचे पहिले वर्ष निभले असते असे मला वाटत नाही. टोमोचीचीला ओगलथॉर्पने १७३४ मध्ये लंडनला नेले, राजाची भेट घडवली. १७३९ मध्ये तो वारला तेव्हा शहरातल्या एका चौकात त्याला मानाने पुरले.

मुलीकडे अटलांटाला गेलो होतो तेव्हा सव्हानाला जाऊन तो चौक पाहिला. ओगलथॉर्पने आखलेले हे शहर पाहण्यासारखे आहे. मध्ये चौक, भोवती ठरलेल्या मापाचे घरांचे तुकडे, आणि हाच नमुना पुढे पुढे. सुरुवातीला असे चार चौक होते, आज २२ आहेत. मोठमोठ्या ओक झाडांवरून करड्या शेवाळ्याच्या जटा लोंबत असतात. राइट चौकाच्या मधोमध खांबांचे भव्य स्मारक दिसले. मला वाटले हेच टोमोचीचीचे. वाचले तर ते एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाचे निघाले, १८८३ मध्ये उभारलेले, टोमोचीचीच्या समाधीच्या जागी. टोमोचीचीच्या नावाची ग्रॅनाइटची शिळा आहे ती चौकाच्या आग्नेय कोपऱ्यात. तीही १८९९ मध्ये काही स्त्रियांच्या संस्थेने पुढाकार घेतला म्हणून. रेल्वेचे आणि या लोकांचे काय वाकडे होते कोण जाणे.

माझ्या पत्राचा खरा मुद्दा मात्र गुलामगिरीचा आहे. ब्रिटिशांच्या तेरा वसाहतींपैकी धोरण म्हणून गुलामीवर बंदी घालणारी ही एकटीच वसाहत. १७३५ मध्ये तीन कायदे मंजूर झाले. एक रम या दारूवर बंदी घालणारा, एक मूळ रहिवाशांशी होणारा व्यापार परवान्याने बांधणारा, आणि तिसरा काळ्या गुलामांची आयात व वापर रोखणारा. आपल्याकडे अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, याची हमखास आठवण होते. म्हणून कोणाला वाटेल की त्या सदाचाराची सुरुवात इथे, १७३५ मध्ये झाली. तसे म्हणायला मी कचरतो. त्या कायद्याच्या शीर्षकातच हेतू सांगितला आहे: वसाहत संरक्षणाच्या दृष्टीने अधिक भक्कम करणे. दक्षिणेला स्पेनचे फ्लोरिडा. उत्तरेला इंग्रजांचीच साउथ कॅरोलायना, जिथे भाताच्या मळ्यांमुळे गुलामांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली होती. स्पॅनिश सरकार कॅरोलायनातून पळून येणाऱ्या गुलामांना स्वातंत्र्य देत होते, आणि १७३८ मध्ये तर सेंट ऑगस्टीनजवळ त्यांची फोर्ट मोसे ही स्वतंत्र वस्तीच वसवली. जॉर्जिया ही या दोघांमधली भिंत व्हावी, अशी योजना. भिंतीत गुलाम असतील तर ते शत्रूला मिळतील, हा हिशोब. त्याच कायद्यात कॅरोलायनातून पळून आलेला गुलाम पकडून मालकाला परत देण्याचीही तरतूद होती! शिवाय ओगलथॉर्प स्वतः गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा उपगव्हर्नर राहिलेला. त्याला संत ठरवण्याची घाई नको.

तरीही बंदीमागे नुसता लष्करी हिशोब होता असे म्हणणेही अन्यायाचे होईल. वसई चिमाजी अप्पांनी घेतली ते वर्ष १७३९. त्याच वर्षीच्या जानेवारीत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून येऊन जॉर्जियातल्या डेरियन या गावी वसलेल्या १८ जणांनी एक अर्ज लिहिला. गुलाम आणू नयेत, असे त्यात मागितले होते. कारणे बरीचशी व्यवहाराचीच, पण शेवटी त्यांनी म्हटले आहे की एखाद्या मानववंशाला पिढ्यान्‌पिढ्या गुलामीची शिक्षा द्यावी हे माणुसकीला हादरवणारे आहे. धर्मछळामुळे आज ऑस्ट्रियात असलेल्या साल्झबर्ग प्रांतातून आलेल्या एबेनेझर गावच्या जर्मन भाषकांनीही पाद्री बोल्झियस यांच्या मागे उभे राहून तीच बाजू घेतली. आपली शेती आपल्या हातांनी करता येते, हे ते करून दाखवत होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी शस्त्रे उचलली आणि फ्लोरिडाच्या दिशेने चाल केली. विश्वस्तांना आपले म्हणणे खरे ठरले असे वाटले असणार.

विरुद्ध बाजूही स्वस्थ नव्हती. डॉक्टर पॅट्रिक टेल्फर आणि त्याचे साथीदार यांची तक्रार अशी की नदीपलीकडचा कॅरोलायनातला शेतकरी गुलामांच्या जोरावर श्रीमंत होतो आणि आम्ही उन्हात मरतो. त्यांच्या सगळ्याच तक्रारी खोट्या नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. धर्मादायावर आलेल्या कुटुंबाला जमीन ५० एकर, तीही विकता येत नाही, आणि वारस फक्त मुलगा. मुली असतील तर बापामागे जमीन विश्वस्तांकडे परत! सरहद्दीवर प्रत्येक शेतामागे एक बंदूक धरणारा पुरुष हवा, हा त्यामागचा विचार. मुलींचा बाप असलेल्या शेतकऱ्याने अशा जमिनीत जीव का ओतावा? लंडनमध्ये बसलेल्या सज्जनांना हे कळले नाही, आणि कळेपर्यंत निम्मे लोक कंटाळून कॅरोलायनाकडे तोंड करून बसले होते. विश्वस्तांच्याच चिटणिसाचा मुलगा टॉमस स्टीफन्स तक्रारी घेऊन पार्लमेंटपर्यंत गेला. १७४२ मध्ये त्याला सभागृहात गुडघे टेकायला लावून समज देण्यात आली. त्याच उन्हाळ्यात ओगलथॉर्पने सेंट सायमन्स बेटावर स्पॅनिशांना परतवले, आणि पुढच्या वर्षी तो इंग्लंडला गेला तो कायमचा.

मग बंदीचे दोन्ही आधार गेले. स्पॅनिशांची भीती ओसरली आणि बंदीसाठी हट्ट धरणारा माणूस उरला नाही. भीती गेल्याबरोबर तत्त्वही गेले, यावरून मूळ तत्त्व किती होते ते समजते. बेथेस्डा अनाथाश्रम चालवणारा नामांकित धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यानेच बंदी उठवण्याचा आग्रह धरला. अनाथांच्या खर्चासाठी त्याने कॅरोलायनात गुलामांसह मळा घेतला होता! १ जानेवारी १७५१ पासून गुलामी कायदेशीर झाली. पुढच्याच वर्षी विश्वस्तांनी सनद परत केली. १७५० मध्ये ५०० हूनही कमी असलेली गुलामांची संख्या १७७५ पर्यंत सुमारे १८,००० झाली. गव्हर्नर जेम्स राइट स्वतःच अकरा मळ्यांचा धनी होता, आणि टोमोचीचीला ज्या चौकात पुरले त्याला आज त्याचेच आडनाव आहे. भातशेती जाणणारे पश्चिम आफ्रिकी लोक मुद्दाम आणले गेले. त्यांच्या वंशजांची गीची भाषा आणि संस्कृती सपेलो बेटावर अजून टिकून आहे.

सव्हानाजवळचा मलबेरी ग्रोव्ह हा मळा नावाप्रमाणे रेशमासाठी लावलेल्या तुतींचा. तिथेच १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले. त्यापुढचा कापसाचा आणि गुलामांचा विस्तार आपल्या लेखात आला आहेच.

लेखमालेत पुढे कॅरोलायना येणार असल्याचे जाहीर झाले आहे. तेव्हा चार्ल्स्टनच्या वाड्यांबरोबर तिथल्या भाताच्या खाचरांवरही लिहावे. शक्य झाल्यास मेरी मस्ग्रोव्हवर स्वतंत्र टिपण द्यावे. तिने आपल्या हक्काच्या जमिनीसाठी सरकारशी वर्षानुवर्षे भांडण केले आणि १७६० मध्ये सेंट कॅथरिन्स बेट आणि २,१०० पौंड पदरात पाडून घेतले. एका चांगल्या लेखाचा तो विषय आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा