सातव्या दिवसाच्या मिसाआधी

मडगाव,
28 ऑक्टोबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

शेजारच्या कॅथोलिक आजी वारल्या आणि त्यांच्या सातव्या दिवसाच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) तू जाणार आहेस. त्यांच्या घरच्यांशी काय बोलावे, आणि ती माणसे ‘आई घरी गेली’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात नेमके काय असते, असे तू विचारले आहेस. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ते कळले की पहिल्याला चार ओळी पुरतात.

तुझ्या ओळखीचा स्वर्ग जरा बाजूला ठेव. गीतेच्या नवव्या अध्यायातला स्वर्ग पुण्याच्या शिलकीवर चालतो, शिलक संपली की मृत्युलोकात परत यायचे. ख्रिस्ती स्वर्ग स्वतःच्या पुण्यावर कमावता येत नाही, त्यामुळे पुण्य सरले म्हणून सुटतही नाही. तो कृपेने मिळतो, हे येशूचा प्रेषित पौल याने इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात स्वच्छ लिहिले आहे. पुनर्जन्म नाही. एक जन्म, एक मरण, मग न्याय.

घराची भाषा येते ती बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायातून. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की माझ्या पित्याच्या घरात राहायला पुष्कळ जागा आहेत, आणि मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो. त्यांतला थोमा लगेच अडवतो: तू कुठे जातोस तेच ठाऊक नाही, तर वाट कशी कळणार? (पुढे हाच थोमा भारतात आला अशी केरळातली परंपरा. अशा स्वभावाचा माणूस आपल्याकडे सहज रुळला असणार.) उत्तर मिळते: वाट मीच आहे. म्हणून घरी जाणे म्हणजे आधी त्याच्याजवळ जाणे. भिंती, दरवाजे हे सगळे नंतरचे.

मोठी चूक होते ती यापुढे, आणि ती ख्रिस्ती घरांतही होते. आत्मा सुटला, वर गेला, झाले, अशी समजूत. चर्च तसे शिकवत नाही. टप्पे दोन आहेत. मरणानंतर लगेच प्रत्येकाचा न्याय होतो, आणि शुद्ध झालेला आत्मा देवाला समोरासमोर पाहतो. त्यासाठी जगाच्या अंतापर्यंत थांबावे लागत नाही. हे पोप बाराव्या बेनेडिक्टने 1336 साली ठरवून दिले, कारण त्याच्या आधीच्या पोपनेच प्रवचनांत उलटे मत मांडून गोंधळ उडवला होता. पण शेवट अजून पुढे आहे. देह उठायचा आहे. निकेयाचा मतांगिकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची जुनी कबुली, संपतो तो मेलेल्यांच्या पुनरुत्थानाच्या आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाच्या अपेक्षेवर.

उठलेल्या माणसांनी राहायचे कुठे? बायबलचे शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, 21वा अध्याय काढ. तिथे माणसे वर चढत नाहीत, शहर खाली उतरते, नव्या पृथ्वीवर. लांबी, रुंदी, उंची सारखीच, प्रत्येकी 12,000 स्टेडिया (अंतराचे जुने ग्रीक माप), म्हणजे सुमारे 2,200 किलोमीटर. बारा वेशी, दर दिशेला तीन, आणि त्या कधी बंद होत नाहीत. हा नगरपालिकेचा आराखडा समजून वाचणारे एवढ्या उंचीच्या इमारतींपाशी अडकतात. खूण घनाच्या आकारात आहे. शलमोन राजाने यरुशलेमला बांधलेल्या मंदिरातले परमपवित्रस्थान असेच घनाकृती होते, वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच, आणि तिथे वर्षातून एका दिवशी फक्त महायाजक जाई. इथे अख्खे शहरच गाभारा झाले आहे आणि सगळे आतच राहतात. त्या शहरात मंदिर नाही, असे प्रकटीकरण लिहिणारा योहान सांगतो ते याचमुळे.

आता आजींच्या अंत्यविधीत तू जे पाहिलेस ते जुळवून बघ. पेटीवर पवित्र पाणी शिंपडले, ती बाप्तिस्म्याची आठवण. धूप फिरवला तो देहाला मान म्हणून. जवळ उभी होती ती ईस्टरची मोठी मेणबत्ती, पुनरुत्थानाची. जो उठायचा आहे त्या देहाला टाकाऊ मानत नाहीत. गोव्यात जागा थोडी, म्हणून साधारण तीनेक वर्षांनी खड्डा पुन्हा उघडतात (नियम गावागणिक वेगळा) आणि अस्थी कोनाड्यात किंवा सामायिक जागेत ठेवतात. बाहेरच्याला हे निष्ठुर वाटते, पण अस्थी दफनभूमीतच राहतात. दहनालाही 1963 पासून परवानगी आहे. मात्र 2016 च्या सूचनेप्रमाणे राख नदीत, समुद्रात सोडायची नाही, पवित्र जागी ठेवायची.

मग सातव्या दिवसाचे मीस कशाला, असे तू विचारशीलच. पुर्गातोरसाठी. हा छोटा नरक नव्हे. तिथला आत्मा तरलेलाच असतो, देवाला पाहण्याआधी त्याची शुद्धी बाकी असते, आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्याला मदत होते. (आम्हा प्रॉटेस्टंटांना हे मान्य नाही. तो वाद त्या घरी काढायचा नाही.) 2 नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस. थडगी स्वच्छ करून फुले, मेणबत्त्या लावतात, पाद्री आशीर्वाद देतो. तेव्हाही गेलास तर त्यांना बरे वाटेल.

आता बोलायचे काय. ‘पुन्हा जन्म घेऊन तुमच्याच पोटी येवोत’ हे तर नकोच. ‘आजोबांबरोबर वर पुन्हा संसार मांडतील’ हेही नको. तिथे लग्न करत नाहीत आणि करून देत नाहीत, असे लूकच्या 20व्या अध्यायात येशूचेच उत्तर आहे. भेट मात्र होईल, या आशेला कोणी हरकत घेणार नाही. ‘आत्म्यास शांती लाभो’ चालते, थोडे अपुरे आहे इतकेच. तिथे ‘सासणाचो विसव’, म्हणजे कायमची विश्रांती, हे शब्द तुझ्या कानावर येतील, तेच म्हण. कार्डावर लिहायचे तर: ‘पित्याच्या घरी त्यांना जागा मिळो आणि तुमची पुन्हा भेट होवो.’

मिसाला मागच्या बाकावर बस. सगळे उठले की ऊठ. गुडघे टेकले नाहीस तरी चालेल. कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) रांगेत जाऊ नकोस, ते फक्त कॅथोलिकांसाठी असते. जागेवर बसून राहिलास तर कोणाला वावगे वाटत नाही. संपल्यावर घरचे दाराशी उभे असले तर तिथेच बोल. गर्दी असली तर हात जोडून पुढे हो, घरी नंतर जाता येईल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सॅम्युएल